विश्लेषण : जहाजावरचा कोणता द्रव किती ज्वालाग्राही, हे कसे ठरते? ‘फ्लॅश पॉइंट’ मोजणारे फ्रेडरिक एबल कोण होते?

पंपावर मिळणारे डिझेल, टँकरच्या टाकीतले कच्चे तेल, बोटीच्या स्टोअरमधला रंगाचा थिनर. या सगळ्यांच्या कागदपत्रांत एक आकडा असतो, तो म्हणजे फ्लॅश पॉइंट. जहाजावर कोणता द्रव कुठे ठेवायचा, किती काळजी घ्यायची, कुठला वर्ग लावायचा, हे बऱ्याच अंशी या आकड्यावरून ठरते. हा आकडा खात्रीने मोजण्याची पद्धत ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर फ्रेडरिक एबल यांनी १८७९ मध्ये कायद्यात आणली. त्यासाठी त्यांना स्वतःचेच आधीचे उपकरण मोडीत काढावे लागले होते.

‘डॉटरेल’ नौकेवर काय घडले?

२६ एप्रिल १८८१. मॅगेलन सामुद्रधुनीतील पुंता अरेनास या चिलीच्या बंदरात ब्रिटिश नौदलाची ‘डॉटरेल’ ही नवी कोरी नौका नांगर टाकून उभी होती. सकाळी दहाच्या सुमारास एक स्फोट झाला. त्यापाठोपाठ दारूगोळ्याच्या कोठाराचा प्रचंड स्फोट झाला आणि काही मिनिटांत नौका तळाला गेली. १४३ जणांचा मृत्यू झाला, १२ जण वाचले.

सुरुवातीला संशय बॉयलरवर गेला. चौकशी समितीने कोळशाच्या बंकरमध्ये साठलेल्या वायूकडे बोट दाखवले. त्यानंतर त्याच वर्षी ‘ट्रायम्फ’ या दुसऱ्या युद्धनौकेवर एका द्रवामुळे स्फोट झाला आणि तपासाची दिशा बदलली. तो द्रव ‘झेरोटीन सिकेटिव्ह’ या नावाने विकला जात होता. रंग लवकर वाळावा म्हणून तो रंगात मिसळत. ‘डॉटरेल’मधून वाचलेल्या एका कर्मचाऱ्याला दुसऱ्या जहाजावर त्याचा वास आला, आणि स्फोटाच्या आधी नौकेवर हाच वास येत होता हे त्याने ओळखले.

मग चित्र स्पष्ट झाले. नौकेवर या द्रवाची मातीची बरणी तडकली होती. गळलेला द्रव खाली, दारूगोळ्याच्या कोठाराजवळ पसरला. त्याची वाफ बंद जागेत साठली आणि तिला उघडी ज्योत मिळाली. वाफेच्या पहिल्या स्फोटाने कोठार पेटवले.

या द्रवात अतिशय लवकर उडणारा पेट्रोलियमचा अंश होता. पण त्याच्या नावात तेल नव्हते, पेट्रोलियम नव्हते, स्फोटक तर नव्हतेच. यादीत ते रंगाचे सामान होते. तेलाची वाफ मोजून धोका ठरवणारी एबल यांची चाचणी ब्रिटनच्या कायद्यात येऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती. मात्र तिचा रोख दिव्यात जाळायच्या तेलावर होता. नौदलाच्या रंगसामानाकडे त्या नजरेने कोणी पाहिले नव्हते.

फ्रेडरिक एबल कोण होते?

फ्रेडरिक ऑगस्टस एबल यांचा जन्म १७ जुलै १८२७ रोजी लंडनजवळच्या वूलविच येथे झाला. घराणे मूळचे जर्मन, वडील संगीत शिक्षक. मुलगाही उत्तम संगीत जाणणारा होता, पण चौदाव्या वर्षी तो हॅम्बर्गला काकांकडे गेला आणि रसायनशास्त्राच्या नादी लागला. काका खनिजशास्त्राचे अभ्यासक होते आणि प्रख्यात स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांचे शिष्य होते.

१८४५ मध्ये लंडनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री सुरू झाले. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान तिथे शिकवायला आले. त्यांच्या पहिल्या २६ विद्यार्थ्यांत एबल होते. पुढे सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. १८५२ मध्ये, वयाच्या पंचविशीत, वूलविचच्या रॉयल मिलिटरी अकादमीत ते रसायनशास्त्राचे व्याख्याते झाले. ही जागा त्याआधी दोन दशके मायकेल फॅरेडे यांच्याकडे होती.

दोनच वर्षांत एबल लष्कराच्या शस्त्रास्त्र विभागाचे रसायनशास्त्रज्ञ झाले. पुढे १८८८ पर्यंत ते ब्रिटिश युद्ध खात्याचे मुख्य रासायनिक सल्लागार राहिले. दारूगोळा, तोफा, खाणीतले स्फोट, तेलाच्या आगी, असे काहीही उडाले किंवा पेटले की सरकार त्यांना बोलावत असे.

न दिसणारा धोका मोजण्याची सवय कुठून लागली?

एबल यांचे पहिले मोठे काम गनकॉटनवर, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसावर होते. १८४६ च्या सुमारास शोध लागलेला हा कापूस बंदुकीच्या दारूपेक्षा कितीतरी जोरकस होता. पण तो कधी उडेल याचा भरवसा नव्हता. १८४७ मध्ये इंग्लंडमधील फॅव्हरशॅमच्या कारखान्यात स्फोट झाला आणि अनेक कामगार दगावले. त्यानंतर ब्रिटनने हे उत्पादन जवळपास सोडून दिले होते.

एबल यांनी कारण शोधले. कापसाचा प्रत्येक तंतू आतून नळीसारखा पोकळ असतो. कितीही धुतला तरी त्या नळीत थोडे आम्ल अडकून राहते. तेच आम्ल पुढे हळूहळू माल सडवते आणि तापवते. उपाय त्यांना कागदाच्या गिरणीत सापडला. कागदाचा लगदा करणाऱ्या यंत्रात कापूस बारीक कापायचा, मग धुवायचा. १८६५ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले. माल टिकाऊ आहे की नाही हे उष्णता देऊन तपासण्याची चाचणीही त्यांनी बसवली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

तरीही धोका संपला नाही. ऑगस्ट १८७१ मध्ये स्टोमार्केट येथील गनकॉटन कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक लोक मरण पावले. तपासणी झालेल्या मालात नंतर कोणीतरी आम्ल मिसळले, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे चाचणी बरोबर असली तरी चाचणी झाल्यानंतर मालाचे काय होते, हा प्रश्न उरतोच. तेलाच्या बाबतीतही तो पुढे आला.

तेलाची एवढी भीती का होती?

१८५९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तेलविहीर लागली आणि काही वर्षांत जगभर दिव्याचे तेल बदलले. १८६१ मध्ये ‘एलिझाबेथ वॉट्स’ हे शिडाचे जहाज पिंपांत भरलेले तेल घेऊन फिलाडेल्फियाहून लंडनला निघाले. अटलांटिकपार गेलेला पेट्रोलियमचा हा पहिला पूर्ण माल मानला जातो. अशा जहाजावर जायला खलाशी तयार नव्हते, असे सांगितले जाते.

ही भीती निराधार नव्हती. जमिनीतून निघणारे तेल म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातला हलका भाग म्हणजे आजचे पेट्रोल. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून या भागाला फारशी किंमत नव्हती. मधला भाग म्हणजे केरोसीन, आपले रॉकेल. मराठीतला रॉकेल हा शब्द रॉक ऑइल, म्हणजे खडकातले तेल, यावरूनच आला. व्यापाऱ्याला मोह असे की स्वस्त हलका भाग थोडा रॉकेलात सोडून द्यावा. दिव्यात ते तेल तसेच दिसे, तसेच जळे. मात्र एखाद्या दिवशी दिवाच फुटे आणि घर पेटे.

दिसायला सारख्या दोन द्रवांतला सुरक्षित कोणता आणि घातक कोणता, हे ठरवायला काहीतरी माप हवे होते.

फ्लॅश पॉइंट म्हणजे नेमके काय?

द्रव स्वतः जळत नाही, त्याच्यावरची वाफ जळते. एबल यांच्या सगळ्या कामाचा पाया हाच आहे. वाफ आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळली तरच ज्योत धरते. पेट्रोलच्या बाबतीत हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असेल तर ती पेटते. त्याहून कमी असेल तर पेटण्याइतकी वाफच नसते. जास्त असेल तर ज्वलनाला हवा पुरत नाही.

द्रव तापवत नेला की त्यावरची वाफ वाढत जाते. ज्या तापमानाला ज्योत जवळ आणताच वाफ क्षणभर भपकन पेटून विझते, तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. म्हणजे कुठल्याही ऋतूत, कुठल्याही बंदरात पेट्रोलवर पेटण्याजोगी वाफ तयारच असते. चांगल्या रॉकेलाचा फ्लॅश पॉइंट नेहमीच्या हवामानापेक्षा वर असतो. काडी पडली तरी रॉकेल लगेच भडकेलच असे नाही, पेट्रोल मात्र काडी पडण्याआधीच वाफेतून पेट घेते. फरक तो इथे.

एबल यांचे पहिले उपकरण का फसले?

ब्रिटनने १८६२ मध्येच कायदा करून १०० अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण ३८ अंश सेल्सिअसच्या खाली पेटती वाफ सोडणाऱ्या तेलावर निर्बंध घातले. पण मोजायचे कसे, हे कायद्याने नीट सांगितले नव्हते. १८६८ च्या कायद्यात एबल यांचे उघड्या भांड्याचे उपकरण आले. पाण्याच्या भांड्यात तेलाची वाटी ठेवायची, हळूहळू तापवायचे, पृष्ठभागावरून ज्योत फिरवायची आणि थर्मामीटर वाचायचा.

कागदावर सोपी वाटणारी ही पद्धत व्यवहारात गोंधळाची ठरली. भांडे उघडे असल्याने वाफ निसटून जाई. खोलीत झुळूक आली तर आकडा वर जाई. ज्योत किती उंचीवरून फिरवली, तेल किती वेगाने तापवले, यावर उत्तर बदले. एकच पिंप एका तपासनिसाकडे पास आणि दुसऱ्याकडे नापास होई. व्यापारी आणि तपासनीस यांच्यात वाद सुरू झाले. ज्या आकड्यावरून माल जप्त होणार, तोच आकडा माणसागणिक बदलत असेल तर कायदा टिकणार कसा?

कालव्यातल्या स्फोटाने काय दाखवले?

२ ऑक्टोबर १८७४ रोजी पहाटे लंडनच्या रीजेंट कालव्यातून मालवाहू पडावांचा एक ताफा चालला होता. त्यातल्या ‘टिलबरी’ या पडावात साखर, कॉफी यांसारख्या किराणा मालासोबत सुमारे पाच टन बंदुकीची दारू आणि पेट्रोलियमची काही पिंपे होती. रीजेंट पार्कजवळच्या मॅकल्सफील्ड पुलाखाली पडाव आला आणि उडाला. पडावावरचे तिघे ठार झाले, पूल कोसळला, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या.

चौकशीत ठपका पेट्रोलियमच्या वाफेवर आला. पिंपातून निसटलेली वाफ ताडपत्रीखाली साठली आणि केबिनमधल्या दिव्याने किंवा विस्तवाने पेटली. दारू उडाली ती त्यानंतर. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्फोटकांचा कायदा झाला.

‘टिलबरी’ आणि सात वर्षांनंतरची ‘डॉटरेल’ यांतले साम्य लक्षात घेण्यासारखे आहे. दोन्हीकडे दारूगोळा जहाजावर आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि त्याची काळजीही घेतली जात होती. घात केला तो शेजारच्या, निरुपद्रवी समजल्या गेलेल्या द्रवाच्या वाफेने. १८८५ मध्ये एबल यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानाचा विषयच होता स्फोटक नसलेल्या द्रवांमुळे होणारे अपघाती स्फोट, आणि त्यात ‘डॉटरेल’चे प्रकरण होते.

बंद भांड्याची चाचणी कशी चालते?

१८७० च्या दशकाच्या मध्यात सरकारने चाचणीचा प्रश्न पुन्हा एबल यांच्याकडेच सोपवला. त्यांनी जुने उपकरण दुरुस्त करत बसण्याऐवजी नवे बनवले. तेलाची वाटी झाकणाने बंद केली. वाटी आणि बाहेरचे गरम पाणी यांच्यामध्ये हवेचा थर ठेवला, म्हणजे तेल सावकाश आणि एकसारखे तापते. झाकणाला सरकणारी पट्टी बसवली. पट्टी सरकवली की भोके उघडतात आणि त्याच वेळी चिमुकली ज्योत आत झुकते. पट्टी परत आणली की सगळे बंद.

माणसाच्या हाताचा फरक काढून टाकण्यावर त्यांचा सगळा भर होता. ज्योत किती मोठी असावी? झाकणावर बसवलेल्या ०.१५ इंचाच्या मण्याएवढी. पट्टी किती वेळ उघडी ठेवायची? २४ इंचांच्या लंबकाचे तीन हेलकावे होईपर्यंत, चौथ्याला बंद. तेल वाटीत किती भरायचे? आतल्या खुणेपर्यंत. ज्योत किती वेळा दाखवायची? ठरावीक तापमानापासून पुढे प्रत्येक अंशाला एकदा. लंडनमध्ये असो वा लिव्हरपूलमध्ये, सूचना पाळणाऱ्याला तेच उत्तर मिळावे, हा हेतू.

ऑगस्ट १८७९ मध्ये हे उपकरण कायद्यात आले आणि उघडे भांडे बाद झाले. एबल यांची आधीची पद्धत एबल यांच्याच नव्या पद्धतीने हटवली.

मर्यादा १०० वरून ७३ वर का आली?

बंद भांड्यात वाफ निसटत नाही. त्यामुळे तेच तेल उघड्या भांड्यापेक्षा कमी तापमानाला फ्लॅश दाखवते. तुलनात्मक प्रयोगांतून एबल यांनी हा फरक साधारण २७ अंश फॅरेनहाइट असल्याचे काढले. म्हणून जुन्या १०० अंशांच्या बरोबरीची नवी मर्यादा ७३ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस ठरली.

इथून नवा वाद पेटला. टीकाकारांचे म्हणणे असे, की उन्हाळ्यात किंवा पेटत्या दिव्याच्या टाकीत तेल सहज ७३ अंशांच्या वर जाते. मग ७४ अंशांना फ्लॅश होणारे तेल सुरक्षित कसे? स्वस्त आयात तेल विकता यावे म्हणून मर्यादा खाली ठेवली जाते, असाही आरोप झाला. संसदीय समितीने अनेक साक्षी घेतल्या आणि १८९८ मध्ये बंद भांड्याचीच मर्यादा १०० अंशांवर न्यावी, अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी त्यासाठीचे विधेयक कॉमन्स सभागृहात फेटाळले गेले. गरिबांचे दिव्याचे तेल महागेल, हा विरोधकांचा मुद्दा होता. दिवा फुटून भाजणारेही बहुतेक गरीबच होते, हा समर्थकांचा.

उपकरण फक्त मोजते. रेघ कुठे ओढायची, हे समाज आणि सरकार ठरवते, आणि त्यात किंमत, व्यापार, माणसाचा जीव हे सगळे येते. एबल यांनी मोजमापातला वाद मिटवला. रेघेचा वाद मात्र कुठलेच उपकरण मिटवू शकत नव्हते.

कॉर्डाइट आणि नोबेल यांचा वाद काय होता?

एबल यांच्या चरित्रातला सर्वात वादग्रस्त भाग तेलाचा नसून दारूचा आहे. १८८८ मध्ये धूररहित दारू शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली. अध्यक्ष एबल होते, सदस्यांत जेम्स ड्युअर. आल्फ्रेड नोबेल यांनी स्वतःच्या ‘बॅलिस्टाइट’ या दारूची माहिती समितीला विश्वासाने दिली. १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइटचे पेटंट घेतले. त्यात ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन आणि ५ भाग पेट्रोलियम जेली होती.

नोबेल यांच्या कंपनीने दावा लावला. १८९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो अखेर हरला. कारण एका शब्दात होते. नोबेल यांच्या पेटंटमध्ये विरघळणाऱ्या प्रकारच्या नायट्रोसेल्युलोजचा उल्लेख होता. कॉर्डाइटमध्ये न विरघळणारा प्रकार वापरला होता. कायद्याने एबल सुटले. तपासणारेच प्रतिस्पर्धी झाले, हा नैतिक आक्षेप मात्र त्यांच्या नावाला चिकटून राहिला. वर्गीकरणातला एक शब्द किती महाग पडू शकतो, हे नोबेल यांना कळले.

भारताशी त्यांचा संबंध काय?

एबल यांच्या हयातीतच मुंबई, कोलकात्याच्या बंदरांत अमेरिकेतून आणि पुढे रशियातून रॉकेलाच्या बोटी येऊ लागल्या. थंड देशात बसवलेली चाचणी इथे अडली, कारण उन्हाळ्यात प्रयोगशाळेतले तापमानच मर्यादेच्या वर असे. एबल आणि पेट्रोलियम तज्ज्ञ बोव्हर्टन रेडवुड यांनी उष्ण प्रदेशांसाठी चाचणीच्या पद्धतीवर काम केले. १८८७ पासून एबल लंडनच्या इम्पिरियल इन्स्टिट्यूटचे संघटक सचिव होते. भारत आणि इतर वसाहतींच्या कच्च्या मालाचा अभ्यास हे त्या संस्थेचे एक काम होते.

आज भारतात १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार तीन वर्ग आहेत. फ्लॅश पॉइंट २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वर्ग अ, २३ ते ६५ च्या खाली वर्ग ब, ६५ ते ९३ च्या खाली वर्ग क. एबल यांच्या ७३ फॅरेनहाइटचे सेल्सिअसमध्ये रूपांतर केले तर २२.८ येते. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे, म्हणजे पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे. पंपावरच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा, असे भारतीय मानक सांगते. तो मोजण्यासाठी एबल उपकरणच नमूद आहे.

आज जहाजांवर वर्गवारी कशी होते?

पिंप, ड्रम किंवा कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी आंतरराष्ट्रीय सागरी धोकादायक माल संहिता, म्हणजे आयएमडीजी कोड लागू होतो. त्यात ज्वालाग्राही द्रव वर्ग ३ मध्ये येतात. बंद भांड्यात फ्लॅश पॉइंट ६० अंश किंवा त्याखाली असेल तर द्रव या वर्गात. पुढे पॅकिंगचे तीन गट आहेत. उकळण्याचे तापमान ३५ अंश किंवा त्याखाली असेल तर गट १, म्हणजे सर्वाधिक धोका. ते ३५ च्या वर, पण फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली असेल तर गट २. फ्लॅश पॉइंट २३ ते ६० असेल तर गट ३.

अमेरिकी तटरक्षक दल टँकरमधल्या मालाला पाच श्रेणी देते. उघड्या भांड्यात ८० फॅरेनहाइट किंवा त्याखाली फ्लॅश होणारे ते ज्वालाग्राही, श्रेणी ए, बी, सी. यांत वाफेचा दाब जितका जास्त तितकी श्रेणी वरची. त्यापेक्षा जास्त तापमान लागणारे ते ज्वलनक्षम, म्हणजे तापवल्यावर पेट घेणारे. ८० च्या वर आणि १५० च्या खाली श्रेणी डी, १५० आणि पुढे श्रेणी ई. इथे भांडे उघडे आहे की बंद, हे पाहिल्याशिवाय आकड्यांची तुलना करता येत नाही. १८७९ चा धडा तोच आहे.

जहाजाच्या स्वतःच्या इंजिनाला लागणाऱ्या इंधनाचा फ्लॅश पॉइंट सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार साधारणतः किमान ६० अंश लागतो. रस्त्यावरच्या डिझेलला ३५ चालतात, मग इंजिनरूममध्ये ६० कशाला? कारण इंजिनरूम ही पोलादाने वेढलेली, तापलेली बंद जागा आहे. तिथे गळती झाली तर वाफ वाऱ्याने उडून जात नाही, आणि समुद्रात माणसाला पळायला जागा नसते.

फक्त आकडा पुरेसा आहे का?

नाही. द्रव त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या वर तापवला, तर वर्ग कोणताही असो, तो पेटण्याच्या स्थितीत येतो. म्हणूनच फ्लॅश पॉइंटएवढा किंवा त्याहून जास्त तापवून पाठवलेला द्रवही आयएमडीजी वर्ग ३ मध्ये धरते. बारीक फवारा उडाला तर जड तेलही सहज पेटते. ज्वालाग्राही तेल काढून घेतलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असू शकते, कारण द्रव गेला तरी वाफ आत राहते आणि आता तिच्यासोबत हवाही असते. यासाठी मोठ्या टँकरमध्ये टाक्यांत निष्क्रिय वायू भरून ऑक्सिजन ८ टक्क्यांच्या आत ठेवतात. मुंबईच्या जवाहर द्वीप धक्क्याला लागणाऱ्या कच्च्या तेलाच्या मोठ्या टँकरनाही हेच नियम लागू असतात. गॅरेजमध्ये रिकाम्या ड्रमला वेल्डिंग करताना स्फोट होतो, त्याचेही हेच कारण.

एबल यांचा वारसा काय?

एबल यांना १८८३ मध्ये सर हा किताब मिळाला. १८९० मध्ये ते ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष होते, १८९३ मध्ये बॅरोनेट झाले. दोन विवाह झाले, पण अपत्य नसल्याने किताब त्यांच्याबरोबर संपला. ६ सप्टेंबर १९०२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. कॉर्डाइट पुढे दोन महायुद्धांत वापरले गेले आणि मग मागे पडले. बंद भांड्याची चाचणी मात्र अजून रोज होते.

ज्या द्रवाने ‘डॉटरेल’ बुडवली, त्याच्या जातीचे सामान आजही प्रत्येक जहाजावर असते. फरक इतकाच, की आता ज्वालाग्राही रंग आणि थिनरला यूएन १२६३ हा क्रमांक आहे, डब्यावर लाल चौकोनी ज्वालेचे चिन्ह आहे आणि कागदपत्रांत फ्लॅश पॉइंट लिहिलेला आहे. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे दिसणारा १२०३ हा आकडा त्याच यादीतला. तो लिहिला आहे म्हणून अपघात टळतो असे नाही. पण डबा तडकला, गळती झाली, तर समोर काय सांडले आहे आणि दिवा किती दूर ठेवायचा, हे खलाशाला वासावरून ओळखावे लागत नाही.